चाल ओळखणारा हेडफोन

मराठीत चाल गाण्याला असते आणि माणसालाही. जिन्यावरच्या पावलांवरून ‘थोरला आला वाटतं’ असं दार उघडायच्या आत सांगणाऱ्या आज्या आपल्याकडे घरोघरी होऊन गेल्या. त्यांनी कुठलं गणित मांडलेलं नसे. वर्षानुवर्षं ऐकून कानाला ती ओळख पटलेली असे. गेल्या आठ-दहा वर्षांत हे काम यंत्रालाही थोडंफार जमू लागलं आहे. कानावर चढवलेला हेडफोन आता आपली चाल ओळखतो, आणि गाण्याची चाल किती ऐकू द्यायची, बाहेरचं जग किती, हे त्यावरून ठरवतो.

माझ्या रोजच्या सकाळचंच उदाहरण सांगते. आठ वाजता मी ठाण्यातल्या घरी जेवणाच्या टेबलाशी मेल बघत बसलेली असते. कानावर हेडफोन, त्यात सतारीचं एक जुनं रेकॉर्डिंग. डोक्यावरच्या पंख्याची घरघर मला जवळजवळ ऐकू येत नाही. साडेआठला निघते. सोसायटीच्या फाटकाबाहेर वीस-पंचवीस पावलं टाकली, की कानात ‘टुंग’ असा बारीक सूर वाजतो आणि सतारीच्या मागून रस्ता उगवायला लागतो: रिक्षांचे हॉर्न, भाजीवाल्याची आरोळी, शाळेच्या व्हॅनमधली पोरं. स्टेशनावर फास्ट लोकल मिळते, लेडीज डब्यात खिडकीशी उभं राहायला जागा मिळते. मुलुंड मागे पडेपर्यंत पुन्हा ‘टुंग’, आणि चाकांचा खडखडाट कुणीतरी दार लोटून घ्यावं तसा बाहेर राहतो. एवढ्या वेळात मी कशालाही बोट लावलेलं नसतं.

त्याला हे कळतं कसं? उत्तर बहुतेक वेळा हेडफोनमध्ये नसून पर्समधल्या फोनमध्ये असतं. फोनच्या पोटात ॲक्सेलरोमीटर नावाची चिप असते. तिच्यात सिलिकॉनच्या दोन फण्या एकमेकींच्या दातांत दात घालून बसवलेल्या असतात. एक पक्की, दुसरी सिलिकॉनच्याच नाजूक स्प्रिंगांवर तोललेली. फोन हलला की सुटी फणी किंचित मागे राहते. दातांमधल्या अंतरात पडणारा फरक केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी, पण तेवढ्यानेही दोन फण्यांमधली विद्युतधारिता बदलते आणि चिप तो बदल मोजते. बस थांबताना आपण पुढे झुकतो ना, तेच तत्त्व. फक्त प्रवासी डोळ्यांना न दिसण्याइतका लहान.

या मोजमापाचा आलेख काढला, तर चालणारा माणूस लगेच उठून दिसतो. सेकंदाला सुमारे दोन पावलं, आणि दर पावलाला एक उंचवटा. धावताना उंचवटे जवळ येतात, सेकंदाला अडीच ते तीन, आणि त्यांची उंची कितीतरी वाढते. खुर्चीत बसलेल्याचा आलेख जवळपास सपाट. गाडीत बसलेल्याचाही सपाटच, पण त्यावर बारीक थरथर पसरलेली असते, अधूनमधून ब्रेकचा आणि वळणाचा लांबट झोल असतो. यंत्राला हजारो माणसांचे असे तुकडे दाखवून शिकवलेलं असतं, की असा दिसला तर चालणं, तसा दिसला तर प्रवास. पण आलेख बदलला की लगेच निर्णय घेऊन चालत नाही. बसल्या बसल्या कुणी पाय हलवतं, कुणी पाण्याची बाटली आणायला उठतं. दर वेळी आवाज बदलत राहिला, तर ऐकणारा वैतागून जाईल. म्हणून यंत्र थोडं थांबून खात्री करून घेतं. फाटकाबाहेरची माझी वीस-पंचवीस पावलं त्या खात्रीपायी खर्च होतात.

ही समज फोनमध्ये सतत जागी ठेवायची, तर बॅटरी लवकर संपायची. म्हणून २०१३ साली ॲपलने आयफोन ५एसमध्ये एम७ नावाची स्वतंत्र चिप बसवली. फार कमी विजेवर हालचालींची नोंद ठेवणं एवढंच तिचं काम. त्याच वर्षी गुगलने अँड्रॉइडवर ॲप बनवणाऱ्यांना अशी सोय दिली, की फोनचा मालक चालतोय, सायकलवर आहे की वाहनात, हे ॲपने विचारावं आणि फोनने सांगावं. हेडफोनवाल्यांना आयतीच वाट मिळाली. सोनीने २०१७ मध्ये आपल्या १००० एक्स मालिकेतल्या हेडफोनांना ही समज दिली आणि चार अवस्था ठरवल्या: बसणं, चालणं, धावणं, प्रवास. प्रत्येक अवस्थेत बाहेरचा आवाज किती आत घ्यायचा, हे वापरणाऱ्याने एकदा ॲपमध्ये सांगून ठेवायचं. २०२० च्या मॉडेलपासून त्यात जागांचीही भर पडली: घर, ऑफिस, व्यायामशाळा. त्यासाठी अर्थातच आपण दिवसभर कुठे कुठे असतो, हे फोनला माहीत असावं लागतं, आणि ही देवाणघेवाण ज्याने त्याने आपापली तोलून पाहावी.

दुसरी वाट शरीराची चाल न बघता आवाजाकडेच कान देण्याची. जाब्राने २०१९ मध्ये आणलेला एलीट ८५एच हेडफोन भोवतीचा गलका ऐकून ठरवायचा, की माणूस प्रवासात आहे, चारचौघांत आहे की एकटा आहे. ॲपलने २०२३ मध्ये एअरपॉड्स प्रोला दिलेली ‘ॲडॅप्टिव्ह ऑडिओ’ ही सोयही याच जातीची. खरं तर ही वाट श्रवणयंत्रांनी कितीतरी आधी चोखाळली होती. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला शांत खोलीतलं बोलणं, गर्दीतलं बोलणं आणि संगीत या तिन्हींसाठी वेगवेगळी जुळवणी लागते. म्हाताऱ्या बोटांना कानामागचं इवलंसं बटण सापडत नाही, म्हणून यंत्रानेच प्रसंग ओळखावा, ही कल्पना तिथे गरजेतून आली. हेडफोनने ती उसनी घेतली आणि पुढे एका अर्थी परतही केली: सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एअरपॉड्स प्रोला श्रवणयंत्रासारखं काम करू देणाऱ्या सॉफ्टवेअरला मान्यता दिली.

प्रसंग कळला. आता हेडफोन करतो काय?

दोनच गोष्टी, पण दोन्ही अवघड. एक, बाहेरचा आवाज पुसणं. दोन, बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपून कानात जसाच्या तसा सोडणं, म्हणजे कान उघडा असल्यासारखं वाटावं. परिस्थितीप्रमाणे या दोहोंचं प्रमाण बदलत राहणं, एवढंच त्या ‘टुंग’चं काम.

पुसण्याची कल्पना जुनी आहे. आवाज म्हणजे हवेच्या दाबाची लाट. दाब वाढतो, कमी होतो, वाढतो. जिथे बाहेरची लाट दाब वाढवते, नेमका तिथेच आपण तेवढाच कमी केला, तर कानाच्या पडद्यापाशी हवा हलणारच नाही. पॉल ल्यूग नावाच्या जर्मन संशोधकाने १९३३ मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९३६ मध्ये त्याला अमेरिकेचं पेटंटही मिळालं. कागदावर सगळं होतं. पण लाटेच्या पावलाशी पाऊल जुळवणारी यंत्रसामग्री त्या काळी नव्हती.

पुढचा टप्पा एका विमानप्रवासात आला. १९७८ साली अमर बोस झुरिकहून बॉस्टनला निघाले होते. ते एमआयटीत शिकवत, त्यांची ध्वनियंत्रांची स्वतःची कंपनी होती. वडील ब्रिटिश राजवटीशी झगडून बंगालमधून अमेरिकेत गेलेले. विमानात वाटलेला हेडफोन त्यांनी कानाला लावला, तर इंजिनाच्या घरघरीत संगीताचं काही उरलंच नाही. बोस यांनी तिथल्या तिथे कागद काढून गणितं मांडायला घेतली. बॉस्टनला उतरेपर्यंत आवाज पुसण्याचा आराखडा तयार होता. वस्तू बाजारात यायला मात्र अकरा वर्षं लागली. मधल्या काळात, १९८६ च्या डिसेंबरात, डिक रुटन आणि जीना येगर यांनी व्हॉयेजर विमानातून वाटेत कुठेही न उतरता आणि इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली. नऊ दिवस त्या चिंचोळ्या जागेत इंजिनाच्या आवाजात काढायचे होते, आणि त्यांच्याकडे बोसचे प्रायोगिक हेडफोन होते. १९८९ मध्ये वैमानिकांसाठीचे हेडफोन विक्रीला आले.

यातली खरी अडचण वेळेची. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एक सेंटिमीटर कापायला त्याला सेकंदाच्या दहा लाखांपैकी जेमतेम २९ भाग लागतात. हेडफोनच्या बाहेरच्या मायक्रोफोनपासून आतल्या स्पीकरपर्यंतचं अंतर दोन-तीन सेंटिमीटरांचं. मायक्रोफोनने लाट टिपली, की ती कानापाशी पोचायच्या आत चिपने तिची उलटी लाट तयार करून स्पीकरमधून सोडायची. हातात असतात दहा लाखांपैकी साठ ते नव्वद भाग. ॲपलने २०२२ च्या एअरपॉड्स प्रोची चिप बाहेरचे मोठे आवाज सेकंदाला ४८,००० वेळा कमी करते असं सांगितलं, तेव्हा अनेकांना तो आकडा जाहिरातीचा वाटला. पण हिशेब केला, तर दोन हिशेबांच्या मध्ये २१ भागांचं अंतर निघतं. त्याहून फार संथ चालून भागणारच नाही.

थोडीशी चूक झाली तर? ती किती महागात पडते, हे लाटेच्या लांबीवर ठरतं. पंख्याची, इंजिनाची, एसीची घरघर १०० हर्ट्झच्या आसपासची, म्हणजे तिची एक लाट जवळपास साडेतीन मीटर लांब. तिच्याशी पाऊल जुळवताना एखाद्या सेंटिमीटरचा फरक पडला, तरी कुणाला पत्ता लागत नाही. ३,००० हर्ट्झच्या शिट्टीची लाट मात्र अकरा-साडेअकरा सेंटिमीटरांची. तिथे तोच एक सेंटिमीटर म्हणजे अकराव्या हिश्श्याची चूक, आणि दोन-तीन सेंटिमीटर चुकलं तर पुसायला सोडलेली लाट मूळ लाटेत भरच घालते. म्हणून घरात पंखा नाहीसा होतो आणि कुकरची शिट्टी आत येते. हा हेडफोनचा दोष नव्हे, हवेचा स्वभाव आहे.

शिवाय प्रत्येकाचा कान वेगळा, चष्म्याची काडी मध्ये आली की हेडफोनच्या गादीखाली फट राहते, डोकं वळवलं की सगळं बदलतं. मग एकदा ठरवलेली उलटी लाट कायमची कशी पुरेल? इथे ‘स्वतःला जुळवून घेणं’ हे शब्द खऱ्या अर्थाने लागू होतात, आणि त्यांच्यामागचं गणित १९६० च्या आसपासचं आहे. स्टॅनफर्डमध्ये बर्नार्ड विड्रो आणि त्यांचा विद्यार्थी टेड हॉफ यांनी एक साधी पद्धत शोधली. अंदाज करा, किती चुकलं ते बघा, ज्या दिशेने चूक घटेल त्या दिशेला अंदाज किंचित सरकवा, पुन्हा बघा. आपण गीझरच्या आणि गार पाण्याच्या नळांशी खटपट करत बादलीतलं पाणी कोमट करतो, त्याहून हे काही वेगळं नाही. फक्त हे क्षणाक्षणाला, न थकता चालतं. हॉफ पुढे इंटेलमध्ये गेले आणि पहिल्या व्यावसायिक मायक्रोप्रोसेसरच्या निर्मात्यांपैकी एक झाले. विड्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये आवाज पुसण्यावर जो प्रसिद्ध शोधनिबंध लिहिला, त्यात या पद्धतीचं एक उदाहरण गर्भवतीच्या हृदयालेखाचं होतं. पोटावर लावलेल्या तारांमध्ये आईच्या हृदयाचे ठोके इतके जोरकस येतात, की बाळाचे त्यात बुडून जातात. छातीवरून आईचे ठोके वेगळे टिपायचे, ते पोटावरच्या नोंदीतून वजा करायचे, आणि मागे उरतं बाळाचं हृदय. हे मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. लोकलच्या खडखडाटातून सतार वर काढणारं गणित आणि आईच्या ठोक्यांखालून बाळ वर काढणारं गणित एकच आहे.

ही सारी खटपट केवळ चैनीसाठी आहे, असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. भोवती गलका वाढला की आपण नकळत आवाज चढवतो. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये ही गोष्ट नोंदवली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. बोलण्याचं जे, तेच ऐकण्याचं: गाडीत गाणं ऐकू येईना, की बोट आपोआप आवाजाच्या बटणावर जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला, तर कानाला धोका नाही. पण दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, आणि ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास उरतात. रोज दीड तास जायला, दीड तास यायला लोकलमध्ये घालवणारी मुलगी ९० डेसिबलवर गाणी ऐकत असेल, तर सोमवार आणि मंगळवारची सकाळ, एवढ्यातच तिचा आठवडा संपतो. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. बाहेरची घरघर कमी करून कमी आवाजात तेच गाणं ऐकता येत असेल, तर ते कानाचं औषध आहे. स्वयंचलित जुळवणीचा सर्वांत मोठा उपयोग मला हाच दिसतो: गाडीत चढल्यावर बोट बटणावर जायच्या आत घरघर गेलेली असते.

आणि स्वतःला जुळवून घेण्याची कला हेडफोनने शोधली असं मानू नये. मधल्या कानात रिकिबीच्या आकाराचं एक हाड असतं, शरीरातलं सर्वांत लहान. त्याला धरून सहाएक मिलिमीटरचा एक स्नायू असतो, तोही शरीराची हालचाल करणाऱ्या स्नायूंत सर्वांत लहान. मोठा आवाज आला की हा स्नायू आखडतो, हाडाचा लगाम खेचतो आणि आत जाणारे खालच्या पट्टीचे आवाज कमी करतो. गंमत अशी, की आपण स्वतः बोलायला तोंड उघडतो, त्याच्या किंचित आधीच तो आखडायला लागतो. आपलाच आवाज आपल्याला बधिर करू नये याची तजवीज शरीराने करून ठेवली आहे. त्याची एकच मर्यादा: आखडायला त्याला सेकंदाचा काही शतांश वेळ लागतो. कानाशी फुटलेला सुतळी बॉम्ब तेवढा थांबत नाही.

हेडफोनच्या इतिहासातला माझा सर्वांत आवडता भाग मात्र एका बटणाचा आहे. १ जुलै १९७९ रोजी सोनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये विक्रीला आला. कंपनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकायचं होतं, त्यातून त्याची सुरुवात झाली. दुसरे संस्थापक अकिओ मोरिता यांनी तो घरी नेऊन वापरून पाहिला, तेव्हा त्यांची पत्नी नाराज झाली. आपल्याला बाहेर ठेवून दार लावून घेतल्यासारखं तिला वाटलं. मोरिता यांनी हे आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. मग त्या पहिल्या वॉकमनमध्ये दोन सोयी आल्या. दोघांना एकत्र ऐकता यावं म्हणून हेडफोनसाठी दोन भोकं, आणि वरच्या बाजूला एक केशरी बटण. त्याचं नाव हॉटलाइन. ते दाबलं की गाण्याचा आवाज खाली जायचा, छोटा मायक्रोफोन चालू व्हायचा आणि समोरच्याचं बोलणं हेडफोनमधून ऐकू यायचं. पुढे ती दोन भोकंही गेली आणि बटणही गेलं, कारण लोकांनी वॉकमन एकट्याने ऐकण्यासाठीच घेतला.

आजचे हेडफोन जे आपोआप करतात, ते नेमकं हेच आहे. सोनीने २०२० मध्ये आणि ॲपलने २०२३ मध्ये अशी सोय दिली, की घालणारा बोलू लागला की गाणं थांबतं किंवा हळू होतं आणि समोरच्याचा आवाज आत येतो. बोलणारा आपणच की शेजारचा, हे ओळखायला काही यंत्रं कवटीची मदत घेतात. आपण बोलतो तेव्हा जबड्याची आणि कवटीची हाडं थरथरतात आणि कानात बसवलेल्या संवेदकाला ती थरथर कळते. शेजारी कितीही जोरात बोलला, तरी आपलं हाड थरथरत नाही.

एका रविवारी दुपारी मी भीमसेन जोशींच्या एका मैफलीचं रेकॉर्डिंग ऐकत पडले होते. अशी सोय असलेला हेडफोन कानात होता. कुठल्या कंपनीचा, हे महत्त्वाचं नाही. एक लांबलचक तान खाली उतरत उतरत नेमकी समेवर आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘वा!’ त्याबरोबर पंडितजी थांबले. खोलीतल्या पंख्याचा आवाज आला. मी कुणाशी तरी बोलू लागले, असा यंत्राचा समज झाला होता. सात-आठ सेकंदांनी गाणं पुन्हा सुरू झालं, पण ती सम निघून गेली होती. मी मागे जाऊन पुन्हा ऐकलं, यावेळी ओठ मिटून. तेव्हा दाद गळ्यात अडकून राहिली, आणि ऐकण्यातला काही भाग कमी झाला. आपल्या संगीतात दाद हा ऐकण्याचाच भाग आहे. श्रोत्याचा ‘वा’ गाण्याला थांबवत नाही, पुढे ढकलतो. हाड थरथरलं हे यंत्राला कळलं. ते कशासाठी थरथरलं, हे त्याला कळायला जागाच नव्हती. त्या दिवसापासून मी ती सोय बंद ठेवली आहे.

चालीचंही असंच आहे. प्रवास म्हणजे बाहेरचा आवाज बंद, हे गाडीतल्या सीटवर बसलेल्याला ठीक. पण आलेखावरून प्रवास ओळखायचा झाला, तर स्कूटरवर मागे बसलेली मुलगी आणि एसी डब्यात बसलेली मुलगी एकाच खणात पडतात. बसणं, चालणं, धावणं, प्रवास या चौकटीत दुचाकीला वेगळी जागा नाही, आणि पुण्यासारख्या शहरात तर दुचाकीवरच कानांची सर्वांत जास्त गरज असते. चालवणाऱ्याने हेडफोन घालूच नये, यात मला शंका नाही. पण मागे बसणारीही हे ध्यानात ठेवून बाहेर पडलेली बरी. आपल्याकडे रस्त्यावरचा आवाज म्हणजे निव्वळ गोंगाट नसतो. वळणावर ट्रकने दिलेला हॉर्न ‘मी आलोय’ म्हणतो. एसटीत कंडक्टरने दोरी एकदा ओढली तर थांबा, दोनदा ओढली तर निघा. लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन’ ऐकू आलं नाही, तर दारापर्यंत पोचायला वेळ उरत नाही. हे सारे आवाज अर्थ घेऊन येतात, आणि चालीच्या आलेखावर त्यांची कुठे खूणही उमटत नाही.

म्हणूनच सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात श्याम गोल्लाकोटा आणि त्यांचे सहकारी जे करत आहेत, त्याकडे माझं लक्ष आहे. २०२३ मध्ये त्यांनी अशी यंत्रणा दाखवली, की हेडफोन आधी सगळंच बंद करतो आणि मग आपण निवडलेल्या जातीचे आवाज तेवढे आत सोडतो. सायरन, लहान मुलाचं रडणं, पाखरांचा किलबिलाट, माणसांचं बोलणं अशा वीस जाती त्यांनी शिकवल्या होत्या. आवाज ओळखून वेगळा करायला सेकंदाच्या शतांशाहूनही कमी वेळ मिळतो, नाहीतर डोळ्यांना दिसणारी गोष्ट आणि तिचा आवाज यांची फारकत होते. कुठल्या दिशेने आवाज आला, तेही टिकवावं लागतं. पुढच्या वर्षी त्याच चमूने दुसरा प्रयोग केला: गर्दीत एका माणसाकडे तोंड करून हेडफोनवरचं बटण दाबायचं आणि तीन ते पाच सेकंद तसंच बघायचं. मग तो माणूस पाठीमागे गेला तरी त्याचाच आवाज ऐकू येत राहतो. इथे यंत्र आपल्या चालीवरून काही ठरवत नाही. कोणाला ऐकायचं, हे माणूस मान वळवून सांगतो. केशरी बटण पुन्हा बोटाखाली आलं, हे मला फार बरं वाटलं.

पण तेही घालणाऱ्याच्या बोटाखाली. हाक मारणाऱ्याचं काय? मोरितांच्या पत्नीची नाराजी इतक्या वर्षांनंतरही तिथेच आहे: मी बोलले तर गाणं थांबतं, मला कुणी हाक मारली तर थांबत नाही.

माझी आई माझ्याकडेच राहते. मी टेबलाशी काम करत असताना तिने स्वयंपाकघरातून तीन-तीनदा हाक मारावी, मला ऐकू येऊ नये, मग चहाचा कप घेऊन तिने गुडघे धरत धरत यावं, असं कितीतरी दिवस चाललं होतं. मी ॲपमध्ये घरासाठी वेगळी जुळवणी करून पाहिली, पण बाहेरचा आवाज आत घेतला की मिक्सर आणि टीव्हीही आत येतात. आईने तिच्या परीने मार्ग काढला. माझ्या टेबलावरच्या दिव्याचं बटण स्वयंपाकघराच्या दाराशेजारी आहे. हाक मारायची झाली, की ती ते दोनदा खाली-वर करते.